पश्चिमेची भिंत

इनास मेस्त दिवाळी झाल्यावरच येतो.
आगोटीच्या तोंडावर बोलावलं तर फोनवरच सांगतो,
"मे म्हयन्यात सगळ्योच भिंती बऱ्यो दिसतत.
तेवा येवन काय बघू?"

देवगडच्या धक्क्यावरचा आमचा बर्फ कारखाना.
भिंत चिऱ्याची, चिऱ्यावर सागाच्या रिपा, रिपांवर पत्रा,
बावीस उभे पट्टे, सोसायटीनं एकोणनव्वद साली मारलेले.
चार महिने दर्या हिलाच पाठ घासत असतो,
उरलेले आठ महिने ऊन.

मी कारकून. माझ्या हातात ठरावाचं पुस्तक:
'पश्चिमेकडील पत्रे बदलणेबाबत विचार व्हावा.'
तीन वर्षं विचार होतो आहे.
त्याच्या हातात दोन रुपयांचं जाड, जुनं नाणं.

नाण्यानं तो ठोकत जातो.
टण.
टण.
कान पत्र्याजवळ, डोळे खाडीपलीकडे,
जणू डोळ्यांचं इथं काही काम नाही.
"जवसर वाजता, तवसर जितो."

आणि तिसऱ्या पट्ट्यावर, कमरेच्या उंचीला:
थप.
मी म्हणते, अहो, हा तर चांगला आहे,
मार्चमध्येच निळा रंग काढलाय, अडीच डबे लागले.
तो स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवतो,
जोर करत नाही,
तरी पातं आत जातं, बरक्या फणसात बोट जावं तसं.
"रंग म्हंजे काय गो बाय,
आजाऱ्याक घातलेलो इस्तरीचो सदरो."

पट्टा उतरवला तेव्हा मागे
पालीची अंडी, काळी पडलेली रीप,
आणि चिरा ओल्या गुळासारखा.
नखानं निघत होता.
मी नख साडीला पुसलं. तांबडा डाग अजून आहे.

मग सतरावा.
सगळ्या सभांत नाव निघतं ते याचंच.
वरपासून खालपर्यंत लाल,
इतका, की आत येणारे तांडेल त्याच्यावर नजर धरून सुकाणू वळवतात.
चेअरमन म्हणाले होते, पहिला तो काढा, लाज वाटते.
इनासनं नाणं मारलं.
घंटेसारखा वाजला.
पुन्हा मारलं, आता बहुतेक मजेखातर.
"ह्यो वरसून लाल. आतसून खणखणीत.
आणखी चार पावस काढीत. ह्याका हात लावू नको."

खालच्या कडेखाली त्यानं बोट फिरवलं, वास घेतला.
स्क्रूंच्या टोप्या मोजल्या, रबर कुठं कुठं उरलंय ते पाहिलं.
मी लिहीत गेले: तीन, चार, नऊ.
कोपऱ्यातले दोन.

चहाला ऑफिसात आलो.
ऑफिसची मागची भिंत म्हणजे हीच भिंत, आतल्या बाजूनं.
बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून त्यानं विचारलं,
"कपाट भिंतीपासून इतक्या लांब कित्याक?"

कपाट.
त्यात डिझेलच्या वह्या, चौऱ्याण्णवपासूनच्या.
तीन वर्षांपूर्वी त्यांची पानं मागून चिकटायला लागली,
शाई फुटून आकडे एकमेकांत गेले.
मला वाटलं, वह्याच जुन्या झाल्या.
मी कपाट वीतभर पुढं ओढलं.
पुढच्या वर्षी आणखी वीतभर.
यंदा गणपतीच्या आधी हमालाला दहा रुपये देऊन हातभर.
आता माझ्या खुर्चीला मागं सरकायला जागा नाही
आणि मी तिरकी बसून जमाखर्च लिहिते.

हे मी त्याला सांगितलं नाही.
त्यानं भिंतीवर नाणं वाजवूनही पाहिलं नाही.
चहा संपवला, कपाटामागची फट नजरेनं मोजली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"म्हंजे तुका म्हायती होता."

खर्चाच्या अंदाजात मी पाच पत्रे लिहिले,
रिपा अकरा, वायसरचे स्क्रू दोनशे.
सतराव्यापुढं फुली.
'कारण' असा एक रकाना आहे शेवटी.
तिथं पेन्सिल बराच वेळ टेकवून ठेवली,
मग लिहिलं: वाजत नाहीत.

कमिटी विचारील, म्हणजे काय.
नाणं मी त्याच्याकडून मागून घेतलंय.